केंटकीचा तांबडा, आपली तांबडी

दादा,

बापूसाहेबांनी मला तुझ्यावर चार ओळी लिहून आणायला सांगितल्या आहेत. परवा तुला जाऊन महिना होईल. देवळासमोर मांडव घालून सभा घेणार आहेत, तुझा मोठा करून आणलेला फोटो ठेवणार आहेत, आणि मी शिकलेली, केडगावच्या शाळेतली मास्तरीण, म्हणून ते मीच वाचून दाखवायचं आहे. माणूस पाठवून त्यांनी निरोप दिला, "बाई, लई लांबन लावू नका. पन निष्ठा हा शब्द आला पायजे."

तर बसले आहे लिहायला. अशा लेखात आधी जन्म, शिक्षण, नोकरी असं सगळं ओळीने लिहितात. ते मी लिहिणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट टाकून तू उठून गेलास. लहानपणापासून तुझी हीच खोड. हरायला लागलास की बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून पसार व्हायचास आणि मी एकटीच चौकात हातवारे करत राहायचे. पण या वेळी तू हरत नव्हतास, म्हणून राग जास्त येतो.

आणि हे लिहिणं सोपं नाही, हेही तुला सांगून ठेवते. निरोप आला तेव्हा वहिनी बापूसाहेबांच्या मळ्यातल्या त्याच दोन खोल्यांत राहत होती. खोल्या गड्याच्या, गडी गेला की रिकाम्या करायच्या, हा मळ्याचा रिवाज तुला माहीत आहे. निरोपाच्या शेवटी त्या माणसाने हेही सांगितलं की सभा नीट पार पडली तर वहिनीला कुणी उठवणार नाही, हयातभर राहू दे. नीट म्हणजे कशी ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सोनईच्या बाजूला वाढलेल्या माणसाला मळ्यावरचं बोलणं फोड करून सांगावं लागत नाही.

सगळं त्या पुस्तकापासून सुरू झालं. नगरला रद्दीवाल्याकडे तुला ते मिळालं, पुठ्ठा फाटलेलं, वाळवीने कोपरे खाल्लेलं. तू आत घोड्याचं चित्र पाहिलंस आणि वजनावर घेऊन टाकलंस. लष्कराच्या छावणीतल्या पागेत तुझी उमेदीची वर्षं गेली होती. पागा मोडली, घोडे गेले, तिथे रणगाड्यांची धडधड सुरू झाली आणि तू बापूसाहेबांची जनावरं सांभाळायला मळ्यावर आलास. पण घोडा तुझ्या डोक्यातून गेला नाही. मॅट्रिकला इंग्रजीनेच तुझा घात केला होता, तरी मी सुट्टीला आले की ते पुस्तक आणि माझी डिक्शनरी घेऊन तू ओट्यावर ठाण मांडायचास. एक पान उलटायला संध्याकाळ जायची. वहिनी आतून ओरडायची, "भाऊबहिनीला अमेरिकेच्या घोड्याचं पडलंय. हितल्या घोडीला कडबा कुठनं आनायचा ते वाचा की."

पुस्तक केंटकी डर्बीचं होतं. अमेरिकेतल्या केंटकी नावाच्या मुलखात दर वर्षी मे महिन्यात तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत लागते, तिचा सगळा इतिहास. तुझं मन बसलं ते पहिल्याच शर्यतीवर. अठराशे पंचाहत्तर साल. पंधरा घोडे, आणि त्यांच्यावर बसलेले बहुतेक स्वार काळे. त्यांच्या लोकांना दहा वर्षांपूर्वीपर्यंत बाजारात घोड्यांसारखंच विकत होते. एका मालकाचे दोन घोडे होते. एक त्याचा लाडका, जिंकायचं त्याने. दुसरा बुटका तांबडा. त्याने सुरुवातीपासून जीव खाऊन पळायचं, बाकीच्यांना दमवायचं आणि मग मागे पडून लाडक्याला वाट द्यायची. तांबड्यावर एक एकोणीस वर्षांचा काळा पोरगा होता. शेवटच्या वळणावर तांबडा सगळ्यांच्या पुढे, पोरगा लगाम खेचून धरतोय, आणि लाडका कुठे मागेच राहिलेला. तेव्हा वळणावर उभ्या असलेल्या मालकाने हात केला, जाऊ दे म्हणून. पोराने लगाम सोडला आणि तांबडा जिंकला.

त्या स्वाराचं नाव तुझ्या जिभेवर कधी नीट बसलं नाही. तू त्याला "आपला गडी" म्हणायला लागलास.

"मालकानं हात केला, हे खोटं हाय," तू पहिल्याच दिवशी म्हणालास.

"छापलंय ना स्वच्छ," मी म्हणाले.

"कुसे, पळत्या घोड्यावर बसलीयस का कधी? डोळ्यांत माती जाती. घोड्याच्या दोन कानांमधनं दिसतं तेवढंच दिसतं. कडंला कोन हात करतंय ते कोन बघतंय? त्या गड्यानं आपल्या मनानं सोडला. मागनं मालक म्हनला असंल, मीच हात केल्ता."

"पुरावा काय?"

"आन् तुझा काय? छापनारा त्या मालकाच्या वसरीवर च्या पिऊन आला असंल. गड्याला इचारलंय का कुनी?"

मी चिडायचे. मी पोरांना इतिहास शिकवते, वाटेल तसं बोललेलं मला खपत नाही. मी म्हणायचे, जे लिहिलं आहे ते धरून चालायचं, नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि काहीही सांगेल. तू म्हणायचास, आजपर्यंत तेच झालंय. दिवाळीच्या सुट्टीत भांडलो, नाताळात भांडलो, संक्रांतीला तर तिळगूळ हातात घेऊन भांडलो. वहिनीने मधेच विचारलं की जिंकल्यावर त्या पोराला काय मिळालं. मी पुस्तकात बघून सांगितलं की घोड्याच्या अंगावर आता गुलाबांची चादर घालतात आणि चषक मालकाला देतात. ती म्हणाली, "म्हंजी आपल्यावानीच. फेटा मालकाला आन् पेंड जनावराला." आणि भाकरी थापायला गेली.

आपल्या जत्रेतही तेच. गाडीला एका बाजूला घोडी, दुसऱ्या बाजूला बैल, दोघांची चाल जुळवत गाडी हाकणं म्हणजे मरणाचं काम, आणि जिंकल्यावर माईकवरून पुकारायचं नाव मालकाचं, फेटा बांधायचा मालकाला, नारळ द्यायचा मालकाला. हाकणारा गडी चाबूक काखेत मारून खाली उभा. बापूसाहेबांना तू किती फेटे मिळवून दिलेस ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांच्या दिवाणखान्यात खुंटीवर ते एकावर एक टांगलेत आणि तू कामाला गेलास की त्यांची धूळ झटकायचास. मला तेव्हाही त्याचा राग यायचा. तू म्हणायचास, फेट्यात काय हाय, कापड हाय.

पुस्तकातलं ते पुढचं पान आठवतं का? आपला गडी पुन्हा कधी त्या डर्बीत दिसला नाही. पुढे पंचवीसेक वर्षं काळे स्वार जिंकत राहिले. मग गोरे स्वार त्यांना शर्यतीत कुंपणाला दाबायला लागले, मालकांनी त्यांना घोडे द्यायचं थांबवलं, आणि हळूहळू त्या मैदानावर एकही काळा स्वार उरला नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा तू पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलंस आणि बापूसाहेबांच्या तांबड्या घोडीला, तुझ्या तांबडीला, खरारा करायला निघून गेलास. नेहमीसारखा हरलास म्हणून उठलास असं मला वाटलं होतं.

आता माझ्या रागाचं मूळ सांगते. ही गोष्ट तू बापूसाहेबांना का सांगितलीस?

तुझ्या पोटात काही राहायचंच नाही. हॉटेलात सांगितलीस, न्हाव्याला सांगितलीस, तलावाच्या दुष्काळी कामावर वहिनीची भाकरी घेऊन गेलास तर खडी फोडणाऱ्या बायकांना सांगितलीस. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन सगळ्यांची पोटं बिघडलेली, त्या म्हणाल्या, "तिकडनं आलं ते कवा चांगलं आलंय?" तिथवर ठीक होतं. पण तू ती बापूसाहेबांच्या ओसरीवर जाऊन सांगितलीस. त्यांचा बाळासाहेब निवडणुकीला उभा राहायचा होता आणि त्याआधी जत्रेत त्याने स्वतः गाडी हाकून शर्यत जिंकावी, फेटा बांधलेला फोटो गावोगाव जावा, असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी सारंगखेड्याच्या बाजारातून पांढरा घोडा आणला होता. घोडा देखणा, पण सरळ पळेना. बापूसाहेब त्याच काळजीत बसले होते आणि तू त्यांची करमणूक करायला गेलास. त्यांनी तुला दोन घोड्यांचा भाग पुन्हा सांगायला लावला.

"म्हंजी एकानं दमवायचं आन् दुसऱ्यानं जिंकायचं," ते म्हणाले. "डोक्याचा हुता तो मालक."

तू गड्याची गोष्ट सांगत होतास, दादा, आणि ते मालकाची ऐकत होते. एवढं शहाणपण तुला नसावं? जनावराच्या कानाच्या हालचालीवरून तुला त्याच्या पोटातलं कळायचं, आणि ज्याच्याकडे एवढी वर्षं काढलीस त्या माणसाचं कळलं नाही. लगेच दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. तांबडी आणि बैल जुंपून तू शर्यतीच्या शेवटाअलीकडच्या बाभळीपर्यंत पुढे राहायचं, बाकीच्यांना दमवायचं. बापूसाहेब बाभळीखाली बसतील. त्यांनी उपरणं हलवलं तर गाडी भरधाव सोडायची, नाहीतर कासरा आवरून बाळासाहेबाला वाट द्यायची.

तू हसत घरी आलास. "कुसे, केंटकी झालं की आपल्या गावाचं." मला हसू आलं नाही. मी म्हणाले, हाकू नकोस, अंगात ताप आहे म्हणून सांग. तू म्हणालास, "खोल्या त्यांच्या हायेत," आणि हसायचा थांबलास.

त्या वर्षी शर्यत घ्यायचीच नव्हती. विहिरी कोरड्या, जनावरं चाराछावणीत, गावाची माणसं खडी फोडायला. म्हाताऱ्यांनी सांगून पाहिलं की देवाला नारळ फोडा आणि घरी जा. पण बापूसाहेबांच्या विहिरीला पाणी होतं आणि बाळासाहेबाला फोटो हवा होता. तलाव कोरडा पडलेला, त्याचा तळ सपाट आणि टणक, तिथेच मैदान आखलं. शर्यत संपायचा झेंडा रोवला तो थेट बांधाच्या पायथ्याशी, कारण पाहुणे बांधावर खुर्च्या टाकून बसणार होते आणि त्यांना शेवट जवळून दिसायला हवा होता. तू त्यांना सांगितलंस की झेंड्यापुढं गाडी थांबायला जागा न्हाई, झेंडा मागं घ्या. ते म्हणाले, "तुला कुठं झेंड्यापतूर पळायचंय?"

मी बाभळीपाशी होते. सावली तेवढीच होती, म्हणून आम्हा बायकांना तिथे उभं केलं होतं. वहिनी नव्हती, पाहुण्यांच्या जेवणासाठी तिला मळ्यावरच्या चुलीपाशी बसवलं होतं. बापूसाहेब माझ्यापासून हात लांब केला तर लागतील एवढ्या अंतरावर खुर्चीत होते. उजव्या हातात पाण्याचा पितळी पेला, डाव्या हाताने उपरण्याच्या टोकाने मान पुसत होते. हे मी उगाच रंगवून सांगत नाही. तुझ्यासाठी मी त्या उपरण्यावर सारखा डोळा ठेवून होते.

आधी धूळ दिसली. मग तांबडीचं कपाळ. तू सगळ्यांच्या पुढे होतास, कासरा छातीशी ओढून, मागे रेललेला. बाकीच्या गाड्या फाकल्या होत्या आणि पांढरा घोडा तिरका पळत दुसऱ्याच्या वाटेत शिरत होता, बाळासाहेब एका हाताने टोपी धरून होता. बाभळ जवळ आली. मी बापूसाहेबांच्या हाताकडे पाहिलं. हात मानेवरच थांबलेला, हलला नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू इकडे पाहतच नव्हतास. तुझी मान वळली नाही, डोळाही वळला नाही. तू पुढे वाकलास, कासरा सैल केलास आणि तांबडीला ती हाक दिलीस, पागेत असताना द्यायचास ती. गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा माझ्या तोंडात माती गेली.

बापूसाहेब उठून उभे राहिले. पेला खाली पडला. "आवर, रंग्या," ते तुझ्या पाठीमागे ओरडले. "आवर."

तू जिंकलास. मागच्या गाडीत आणि तुझ्यात एवढं अंतर होतं की बांधावरच्या पाहुण्यांनाही वाद घालता आला नसता. आणि झेंड्यापुढे तू सांगितलं होतंस तसंच झालं. जागा नव्हती. तू तांबडीला बाजूला वळवलंस, ती आणि बैल वाचले, पण चाक बांधाच्या दगडांवर चढलं आणि गाडी तुझ्या अंगावर आली. ते दगड दुष्काळी कामावर वहिनीच्या टोळीने रचले होते. हे तिला मी अजून बोलले नाही, पण तिला कळत नसेल असं नाही.

पुढचं एका दमात लिहून टाकते. गावात मोटार एकच, बापूसाहेबांची जीप, आणि तिची किल्ली बापूसाहेबांच्या खिशात. बापूसाहेब स्टेजवर. माईकवाला ओरडत होता की बापूसाहेबांच्या तांबडीनं मैदान मारलं. त्यांना फेटा बांधायला घेतला. मी स्टेजच्या पायरीशी जाऊन किल्ली मागितली. फेटा बांधणाऱ्याने मला हाताने थांब म्हणून खूण केली, एक वेढा राहिला होता. ते वेढे पूर्ण झाले, तुरा नीट काढला, फोटो निघाला, आणि मग किल्ली खाली आली. तू तोवर बैलगाडीच्या सावलीत पडून होतास आणि तुझ्या तोंडावरच्या माश्या एक परका माणूस टोपीने हाकलत होता.

नगरच्या सिव्हिलमध्ये तू शुद्धीवर आलास. वहिनी पाणी आणायला गेली होती. मला वाटलं पाणी मागशील, वहिनीला बोलावशील, निदान दुखतंय म्हणशील. तू माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलंस, "कुसे, हात केल्ता का त्यांनी?"

मी बोलणार तेवढ्यात तुला हाडांचा फोटो काढायला आत नेलं. मी म्हणाले, "आलास की सांगते." तू आलास तेव्हा ऐकायच्या अवस्थेत नव्हतास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं.

दहाव्याला बापूसाहेब आले. डोळ्यांना उपरणं लावून सगळ्यांसमोर म्हणाले, "मी हात केला, आन् माझ्या गड्यानं मागचा पुढचा इचार केला न्हाई. जिवावर उदार झाला. असा स्वामीनिष्ठ मानूस पुन्ना मिळायचा न्हाई." माणसं माना डोलवत होती. बाभळीखाली उभ्या असलेल्या बायकांपैकी दोघी तिथेच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढला. त्यांचीही घरं मळ्यावरच आहेत. मला त्यांचा राग आला नाही. मला तुझा आला. तिथे तू असतास तर माझ्याकडे बघून कशी भुवई उडवली असतीस, ते मला स्वच्छ दिसलं, आणि ते बघायला मिळू नये म्हणून तू मेलास असं वाटलं.

म्हणजे असा तयार होतो इतिहास, आणि मी तो पोरांकडून पाठ करून घेते. पन्नास वर्षांनी या गावाच्या जत्रेवर कुणी लिहिलंच, तर लिहील की मालकाने बाभळीपाशी उपरणं हलवलं आणि गड्याने गाडी सोडली. एखादी बहीण भावाला म्हणेल, छापलंय ना स्वच्छ.

परवा पेपरात दोन ओळी आल्या. या वर्षीची तुझी डर्बी झाली. एक तांबडा घोडा जिंकला, आजवर तिथे कुणी पळालं नव्हतं एवढ्या वेगात. पेपर घेऊन मी उठलेही, तुला दाखवायला, आणि दारापर्यंत जाऊन परत आले. त्या दोन ओळींत घोड्याचं नाव होतं. स्वाराचं नव्हतं. तू असतास तर संपादकाला शिव्या घातल्या असत्यास, आणि मी म्हणाले असते की जागा नसेल, आणि पुन्हा जुंपली असती आपली. कात्रण कापून तुझ्या पुस्तकात ठेवलं आहे. तुझ्या नादाने मलाही त्या पुस्तकातलं छापलेलं खरं वाटेनासं झालंय, हेही तुझ्याच नावावर.

काल मळ्यावर गेले. वहिनी मिलो निवडत होती. मी विचारलं, काय लिहू. ती मान वर न करता म्हणाली, "लिव्ह त्यांना पायजे तसं. गेलेल्याला काय फरक पडतुया. डोक्यावर छप्पर तरी राहील." मला तिला दोष देता येईना. मी कागद काढला आणि निष्ठा हा शब्द लिहिला. त्याच्यापुढे काही सुचेना. मग मी कागद बाजूला ठेवला आणि तिला बाभळीपाशी जे पाहिलं ते सांगितलं. तिला ते कुणीच सांगितलं नव्हतं, आणि इतके दिवस ती उंबऱ्याकडे बघत बसलेली असायची म्हणून माझंही तोंड उघडलं नव्हतं. पेला सांगितला, उपरणं सांगितलं, आवर म्हणून मारलेली हाक सांगितली.

तिचे हात थांबले. मुठीतले दाणे तिने सुपात टाकले.

"म्हंजी त्यांनी सांगितलं म्हनून न्हाई सोडली?"

"नाही."

"आपल्या मनानं सोडली?"

"आपल्या मनानं. तिकडे बघितलंसुद्धा नाही त्याने."

ती रडली, दादा. इतक्या दिवसांत नीट रडली नव्हती, ती काल रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मला वाटत हुतं, जन्मभर त्यांच्या हुकमानं राबला आन् मेला बी त्यांच्याच हुकमानं. त्येच सलत हुतं." आणि सूप तिथेच ठेवून उठली, फळीवरची भांडी खाली काढायला लागली. मी म्हणाले, वहिनी, नीट विचार कर, केडगावची माझी एकच खोली आहे. ती म्हणाली, "एका खोलीत दोन बाया मावत न्हाईत व्हय? तू लिव्ह. जसं झालं तसं लिव्ह." जाताना तिने गोठ्यात जाऊन तांबडीच्या मानेवर हात ठेवला. घोडी आता बाळासाहेबाच्या ताब्यात. कडबा भरपूर घालतात म्हणे, तेवढं बरं आहे.

वहिनी आत्ता इथे माझ्यामागे चटईवर बसली आहे आणि मी लिहिलेलं एकेक पान तिला वाचून दाखवते आहे. रणगाड्यांची ओळ तिला आवडली. फेट्याच्या वेढ्यांपाशी तिने मला थांबवलं आणि पाणी प्याली. मग म्हणाली, "वाच फुडं."

परवा मांडवात मी हेच वाचणार आहे. बापूसाहेबांना हवा असलेला शब्द मी सुरुवातीलाच घातला आहे, त्यांच्याच तोंडी. तेवढ्यावर भागवून घ्यावं. मधेच माईक बंद करतील, याची मला कल्पना आहे. माझा आवाज वर्गात साठ पोरांना पुरतो, मांडवालाही पुरेल. केडगावपर्यंत त्यांचा हात पोचतो का, बदली होते का, ते नंतर बघू. बाभळीखालच्या बायका पदर पुढे ओढतील. ओढू देत. त्यांनी ऐकलं तरी पुरे.

तुझ्यावरचा राग मात्र जाणार नाही. कासरा आवरला असतास तर आज ओट्यावर बसून माझ्या डिक्शनरीवर चहाचे डाग पाडत असतास. जागा नाही हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी तू सोडलीस, तेही ज्याला तू कापड म्हणायचास त्याच्यासाठी, आणि ते बांधलं गेलं दुसऱ्याच डोक्याला. यावर मला तुझं उत्तर हवं आहे आणि तू ते देणार नाहीस. आणि तरी, गाडी समोरून गेली तेव्हा तोंडात माती घेऊन मी ओरडले होते, जाऊ दे म्हणून. तुला ऐकू गेलं नसेल. मला बरं वाटतं की ऐकू गेलं नसेल.

दवाखान्यात तू विचारलेलं माझ्याकडे तसंच राहिलं आहे. आलास की सांगते म्हणाले होते. पुरावा मागत होतास ना, मी स्वतः पाहिलं आहे. नाही, दादा. हात केला नव्हता. गाडी तूच सोडलीस.